रात्री अकरानंतरचे प्रश्न

जुलै 1927 मध्ये मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच महिन्याच्या 23 तारखेला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. मासिकात लोक न लाजता आपल्या शरीराबद्दल विचारू लागले. रेडिओवरून एक माणूस बोले आणि हजारो घरांत तो ऐकू येई, पण त्याला उलट काही विचारायची सोय नव्हती. रात्री उशिरा श्रोत्याचा फोन घेऊन नात्यांबद्दल आणि आरोग्याबद्दल सल्ला देणारा कार्यक्रम आज आपण ऐकतो, तो या दोन गोष्टींचा संगम आहे. हा संगम व्हायला सत्तरएक वर्षं लागली.

त्या पहिल्या केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता आणि त्याची खात्रीची पोच साधारण 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर दक्षिण मुंबईपासून आजच्या रायगड जिल्ह्यातलं पेण सरळ रेषेत 35 किलोमीटरच्या आसपास येतं आणि रोहा 60 च्या पुढे जातं. म्हणजे 1927 साली पेणच्या एखाद्या वाड्यात यंत्र असतंच तर मुंबई ऐकू आली असती; रोह्यात मात्र नशिबाचा भाग होता. दोन गावांमधला हा फरक पुढेही वेगवेगळ्या रूपात टिकून राहिला. त्याच्याकडे पुन्हा येऊ, कारण कोण कुणाला काय विचारू शकतो हे बऱ्याचदा लहरींची लांबी आणि डोंगराची उंची ठरवते.

आधी कर्वे. गणिताचे प्राध्यापक, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. संततिनियमनाचं केंद्र त्यांनी 1921 मध्येच मुंबईत सुरू केलं होतं आणि या प्रचारापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली होती. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये लेख होते, पुस्तकांची परीक्षणं होती, पण माझ्या मते त्या मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, मूल होऊ नये म्हणून काय करावं, पाळीच्या काळात काय चालतं. प्रश्न साधे होते आणि उत्तरं त्याहून साधी. कर्वे उपदेश करत नसत. ठाऊक असेल ते चार ओळींत सांगत, आणि एखादी समजूत खोटी असेल तर ती खोटी आहे एवढंच लिहून थांबत.

याच उत्तरांनी त्यांना कोर्टात नेलं. अश्लीलतेच्या आरोपाखाली पहिला खटला 1931 मध्ये झाला होता, त्यात 100 रुपये दंड झाला. 1934 चा खटला मात्र थेट प्रश्नोत्तरांवरून होता आणि त्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि विचारणारा अज्ञानातून विचारत असेल तर त्याला ज्ञान देणं हाच उपाय आहे, अशी त्यांची मांडणी होती. खटला ते हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण मासिक थांबलं नाही. ऑक्टोबर 1953 मध्ये कर्वे गेले तोपर्यंत ते निघत राहिलं आणि त्यांच्या पश्चात नोव्हेंबरात शेवटचा अंक आला. 2001 मध्ये अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला आणि 2017 मध्ये अतुल पेठे यांनी अजित दळवींचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा नव्या पिढीला हा माणूस कळला.

कर्व्यांच्या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की तिच्याशिवाय बाकीचं सगळं कोसळलं असतं: विचारणाऱ्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. पत्र पोस्टानं यायचं, उत्तर छापून यायचं. उत्तर विचारणाऱ्याला मिळे आणि त्याच्यासारख्या शेकडो न विचारणाऱ्यांनाही मिळे. रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाचं सगळं बळ याच गोष्टीत आहे.

रेडिओला प्रश्न विचारायची सवयसुद्धा महाराष्ट्रातच लागली, ती मात्र वेगळ्या विषयासाठी. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. सुमारे 150 गावांत लोक एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि आपल्या शंका आकाशवाणीला कळवत. केंद्रावरून त्यांची उत्तरं दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला आणि पुढे हा प्रयोग देशभर नेला गेला. पेण-रोह्याचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, त्या पाचांत नव्हता.

खताची मात्रा, बियाणं, कोंबड्यांचा रोग हे चावडीत बसून विचारता येतं. तिथे वीस माणसं असतात हा फायदाच असतो, कारण एकाचा प्रश्न सगळ्यांचा असतो. अंगावरून पांढरं जाणं, नवऱ्याची नपुंसकता, लग्नाआधी राहिलेले दिवस हे प्रश्नही सगळ्यांचेच असतात, पण चावडीत ते विचारता येत नाहीत. त्यासाठी ऐकणारा एकटा असावा लागतो. ती सोय ट्रान्झिस्टरनं केली. उशाशी ठेवता येणारा, बॅटरीवर चालणारा, कानाला लावता येणारा रेडिओ साठ-सत्तरच्या दशकात घरोघर आला आणि ऐकणं ही खासगी गोष्ट झाली. बोलणं खासगी व्हायला आणखी तीस वर्षं जावी लागली. आधी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. तिथे रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून बूथबाहेर रांग लागे. पण बूथच्या काचेबाहेर माणसं उभी असताना पोटातलं बोलणार कसं? मग मोबाइल आला. मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले आणि अंथरुणात पडल्यापडल्या, पांघरूण डोक्यावर घेऊन, कुजबुजत्या आवाजात रेडिओशी बोलता येऊ लागलं.

त्याच सुमाराला हवाही मोकळी झाली होती. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 1995 मध्ये दिला. 2001 मध्ये बंगळुरूला आणि 2002 मध्ये मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. बातम्या द्यायला त्यांना बंदी होती, त्यामुळे गाणी आणि गप्पा एवढंच हाती उरलं. रात्रीच्या गप्पांत प्रेमाचे प्रश्न येणार हे ओघानंच आलं. रेडिओ सिटीवरचा ‘लव्ह गुरू’ हा त्यातला सर्वांत नाव झालेला प्रकार. विविधभारतीवर दुपारच्या ‘पिटारा’मध्ये ‘सेहतनामा’ असे, त्यात डॉक्टर बोलत आणि मधे त्यांच्या आवडीची गाणी लागत. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘हॅलो डॉक्टर’ आणि ‘हॅलो सखी’ होते. म्हणजे प्रेमाचा सल्ला एकीकडे आणि तब्येतीचा दुसरीकडे. माझ्या मते हीच मोठी चूक आहे. का, ते पुढे सांगतो.

जगात दोन्ही एकत्र आणणारं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. सप्टेंबर 1980 मध्ये तिथल्या डब्ल्यूवायएनवाय केंद्रानं रूथ वेस्टहायमर या बाईंना रविवारी मध्यरात्रीनंतरची 15 मिनिटं दिली. कार्यक्रमाचं नाव ‘सेक्शुअली स्पीकिंग’. मध्यरात्रीची वेळ देण्यात केंद्राला धोका वाटत होता हे उघड आहे. वर्षभरात कार्यक्रम तासाभराचा झाला आणि श्रोत्यांचे थेट फोन घेऊ लागला. जर्मनीत 1928 साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, दहाव्या वर्षी मुलांच्या जथ्यातून स्वित्झर्लंडला पाठवलेल्या आणि आईवडिलांना पुन्हा कधीच न भेटलेल्या या बाई ‘डॉक्टर रूथ’ म्हणून ओळखल्या जात. त्यांची डॉक्टरेट मात्र शिक्षणशास्त्रातली होती. त्या वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या, आणि हे त्या लपवत नसत. दुखणं शरीराचं वाटलं की आधी डॉक्टरला दाखवा, असं त्या सांगत. रात्रीच्या सल्लागाराला लागणारा सर्वांत मोठा गुण हाच.

आता पेण आणि रोहा. मुंबईहून निघणारी लहर या दोन गावांपर्यंत कशी जाते, हे समजून घेण्यासारखं आहे.

आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी अनेक वर्षं मध्यम लहरींवर 558 किलोहर्ट्झला ऐकली गेली. तिचा प्रक्षेपक मालाडला मालवणीत. या लहरीची लांबी साधारण 537 मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकडी आली तर वळसा घालून पलीकडे उतरते, खाडीच्या खाऱ्या पाण्यावरून तर फारच सुखानं जाते, कारण खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. धरमतरची खाडी आणि खारेपाटाचा सपाट पट्टा ओलांडून ती पेणला पोचते, आणि नागोठण्यावरून पुढे रोह्यालाही. एफएमचं तसं नाही. 98 मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जेमतेम तीन मीटर लांब. ती प्रकाशासारखी सरळ जाते, डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. रोह्याच्या उत्तरेला अवचितगडाची रांग आहे, म्हणजे नेमकी मुंबईच्या बाजूला. त्यामुळे मुंबईची एफएम वाहिनी पेणच्या माळ्यावर बऱ्यापैकी लागते आणि रोह्यात कुंडलिकेकाठच्या सखल भागात खरखरते, असं होण्यामागे साधं भूगोलाचं कारण आहे.

रात्री यात आणखी एक बदल होतो. जमिनीपासून 60 ते 90 किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो. सूर्यप्रकाशानं तो तयार होतो आणि दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत जाऊन तिथून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं ऐकू येऊ लागतात. जिथे जमिनीवरून आलेली आणि आकाशातून परतलेली लहर एकत्र येते तिथे आवाज कधी मोठा होतो, कधी बुडतो. जुन्या श्रोत्यांना रात्रीचा हा हेलकावा चांगला माहीत आहे. बोलणारा एकदा जवळ येतो, एकदा लांब जातो, आणि ऐकणारा कान टवकारून बसतो.

या भागात रात्री जागणारी माणसं पुष्कळ. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांत दिवे विझत नाहीत. मूर्ती साच्यातून काढणं, घासणं, रंगाचा पहिला हात देणं ही कामं गप्पा मारत होतात. पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बोलत नाही. ब्रश हातात, श्वास रोखलेला, एक रेघ, मग हात खाली. अशा वेळी बाजूला रेडिओ लागतो, कारण डोळे गुंतलेले आणि कान मोकळे. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची रातपाळी असते. वडखळच्या नाक्यावर ट्रक थांबलेले असतात. त्याशिवाय ज्या घरातला माणूस मुंबईला किंवा आखातात कामाला आहे त्या घरातली बाई जागी असते, आणि बारावीचा निकाल लागून लग्नाचं बोलणं सुरू झालेली मुलगीही. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: ओळख न देता एक प्रश्न विचारता येणं.

फोन लावल्यावर काय होतं? तो थेट हवेत जात नाही. आधी एक सहायक उचलतो, नाव, गाव, वय आणि प्रश्न थोडक्यात विचारतो, आणि थांबायला सांगतो. मग निवेदकाशी जोडतो. जोडताना हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘आधी तुमचा रेडिओ बंद करा.’ याचं कारण तांत्रिक आहे. श्रोत्याच्या खोलीतल्या रेडिओतून निघालेला आवाज फोनमधून पुन्हा स्टुडिओत शिरतो आणि तिथून पुन्हा हवेत, असं चक्र सुरू झालं की कर्कश शिट्टी येते. शिवाय पुष्कळ केंद्रं थेट कार्यक्रम काही सेकंद मागे ठेवून सोडतात, म्हणजे कुणी शिवी दिली किंवा एखाद्या व्यक्तीचं नाव घेतलं तर ते कापता यावं. रेडिओ चालू ठेवणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो अडखळतो. फोनच्या जुन्या वाहिनीवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, म्हणून आवाज चपटा येतो. ओळख लपवायला या चपटेपणाची थोडी मदत होते.

थोडीच. मुंबईत ‘अंधेरीहून एक श्रोता’ असं म्हटलं की तो लाखांत हरवतो. 2011 च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत होती आणि रोहा-अष्टमीची एकवीस हजारांच्या आसपास. ‘रोह्याहून बोलतेय, माझी सासू अंगणवाडीत आहे’ एवढ्यावर अर्धं गाव ओळखतं. बोलण्याच्या ढंगावरून, आगरी वळणावरून तर घरचे लगेच ओळखतात. म्हणून लहान गावातल्या श्रोत्यासाठी नाव बदलणं पुरत नाही. गाव सांगायचंच नाही, जिल्हा सांगायचा. नातेवाइकाचा व्यवसाय सांगायचा नाही. प्रश्न निवेदकानं स्वतःच्या शब्दांत वाचायचा आणि बोलणाऱ्याला फक्त हो-नाही म्हणायला ठेवायचं. ज्यांना हा कार्यक्रम खरोखर चालवायचा आहे त्यांनी ही शिस्त मुंबईच्या हिशेबानं न ठरवता रोह्याच्या हिशेबानं ठरवावी, असं माझं ठाम मत आहे.

दोन विषय वेगळे ठेवणं चूक का, हे आता सांगतो. रात्रीच्या फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा खरा नसतो. ‘ताई, नवरा माझ्याशी बोलत नाही’ असं सुरू होतं आणि पाचव्या मिनिटाला कळतं की त्याला मधुमेह आहे, लैंगिक अडचण येतेय आणि तो शरमेनं टाळतोय. मधुमेहानं रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात, त्यामुळे ताठरता कमी होते, हे वैद्यकशास्त्राला पुरतं ठाऊक आहे. ही तक्रार पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते. नात्याचा सल्लागार तिला ‘त्याच्याशी प्रेमानं बोला’ म्हणाला तर तो चुकला नाही, पण दुखणं तसंच राहिलं. उलट ‘डॉक्टर, खूप अशक्तपणा वाटतो, धातू जातो’ असं सांगणाऱ्या तरुणाला बहुतेकदा शरीराचा आजार नसतोच. वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क आणि ते गेलं की माणूस खचतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. त्या भीतीनं झोप उडते, भूक जाते, मन खचतं. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी 1960 मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य सतत तयार होत असतं आणि त्याच्या जाण्यानं शक्ती जात नाही. कर्व्यांनी नव्वद वर्षांपूर्वी हेच छापलं होतं. मुंबईत डॉ. महिंदर वत्स 2005 पासून वयाच्या नव्वदीपलीकडेही एका इंग्रजी दैनिकात हेच लिहीत राहिले, डिसेंबर 2020 मध्ये गेले तोपर्यंत. डॉ. विठ्ठल प्रभूंनी मराठीत हे समजावण्यात आयुष्य घालवलं. तरी प्रश्न येतच राहतो, कारण दर वर्षी नवी मुलं वयात येतात आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

या अज्ञानावर धंदा उभा आहे. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. लैंगिक शक्ती वाढवण्याचा, पाळी सुरळीत करण्याचा किंवा गर्भ पाडण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषधं आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे. खासगी एफएमलाही आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळावी लागते. पण पैसे घेऊन दिलेली वेळ जेव्हा ‘डॉक्टरांशी गप्पा’ असं नाव घेते, तेव्हा श्रोत्याला कसं कळणार की हा सल्ला आहे की विक्री? एक खूण सांगता येईल: उत्तराच्या शेवटी औषधाचं नाव आणि मागवायचा नंबर आला की ती जाहिरात. खरा सल्लागार तुम्हाला जवळच्या दवाखान्याकडे पाठवतो, स्वतःच्या पार्सलकडे नाही.

आणि काही प्रश्न असे असतात की त्यांच्यासाठी घड्याळ चालू असतं. संरक्षणाशिवाय संबंध आला आणि दिवस राहायची भीती आहे, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी जितक्या लवकर घेतली तितकी उपयोगी, 72 तासांच्या आत. एचआयव्हीचा संसर्ग झाला असेल अशी शंका असेल, तर प्रतिबंधक औषधंही 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहिलाच असेल, तर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं कायदेशीर गर्भपात करता येतो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गर्भपाताच्या कायद्यात विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही. हे निवेदकाला तोंडपाठ हवं. पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ बोलावू, असं म्हणून तो प्रश्न पुढे ढकलला तर विचारणाऱ्या मुलीचे 72 तास गेलेले असतात.

रायगडात याहून घाईचा फोन येऊ शकतो. पावसाळ्यात मध्यरात्री कुणी म्हणालं, ‘मुलाच्या पोटात अचानक खूप दुखतंय, डोळे उघडत नाहीत’, तर ते अपचन समजून ओव्याचं पाणी सांगणारा सल्लागार त्या मुलाचा जीव घालवू शकतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की जखम दिसतही नाही, दुखतही नाही. काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात. सर्पविषावरचा उतारा आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर माणूस वाचतो. तसंच विंचवाचं. याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिल्हा अजून कुलाबा म्हणवत होता तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं मुलं घामानं भिजून, हातपाय गार पडून मरताना त्यांनी पाहिली. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं ती वाचू शकतात हे त्यांनी दाखवलं आणि ते काम ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा फोनला उत्तर एकच: कार्यक्रम बाजूला ठेवा, 108 ला फोन लावा, गाणं लावा आणि फोनवर त्या घराशी बोलत राहा.

वय विचारणंही तितकंच गरजेचं. अठरा वर्षांखालच्या मुलीनं किंवा मुलानं अत्याचाराबद्दल सांगितलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते हवेत जाऊ देणं म्हणजे त्या मुलावर आणखी एक अन्याय. असा कॉल सहायकाकडेच थांबला पाहिजे आणि तिथून मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनकडे गेला पाहिजे.

रात्रीच्या वेळेबद्दल शेवटचं. डिसेंबर 2017 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्ही वाहिन्यांना सांगितलं की कंडोमच्या जाहिराती रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतच दाखवा. म्हणजे आपल्याकडे शरीराची वेळ कागदोपत्रीही रात्रीचीच ठरली. मला हे पटत नाही. पाळीबद्दल, गर्भनिरोधकाबद्दल, मनाच्या आजाराबद्दल दुपारी तीनला बोललं तर कुणाचं काही बिघडत नाही. ज्या बाईला रात्री रेडिओ लावता येत नाही, कारण एकाच खोलीत सहा जणं झोपतात, तिला तर दुपारच लागते. पण रात्री प्रश्न विचारण्याचं धैर्य येतं हेही खरं आहे. म्हणून दोन्ही वेळा हव्यात: उत्तर दुपारी, विचारणं रात्री.

पेण किंवा रोह्यात रात्री रेडिओ लागत नसेल तर आता दुसरी दारं आहेत. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांच्या माहितीसाठी 1097. घरात मारहाण होत असेल तर 181. सर्पदंश, विंचूदंश, छातीत कळ यासाठी 108. रात्री श्रोत्यांचे फोन घेणाऱ्या प्रत्येक निवेदकाला माझी विनंती आहे की हे पाच-सहा नंबर दर अर्ध्या तासाला सावकाश, दोनदा वाचावेत. फोन लागला नाही म्हणून प्रश्न तसाच उशाशी घेऊन झोपणारा माणूसही ते ऐकत असतो.